वरचा सूर

शेगावात स्टेशनाजवळच्या दुकानात बँडवाला शालिग्राम ट्रम्पेटला एकेक माउथपीस लावून पाहत होता. उथळ वाटीच्या माउथपीसवर वरचा सूर सहज लागे, पण चिरका निघे. शेवटी त्यानं खोल वाटीचं निवडलं. वरचा सूर भरून आला, पण शालिग्रामच्या कपाळावरची शीर ताठली.

"यानं घंटाभरात व्हट फुटतीन," दुकानदार महादेवराव म्हणाले. "वरात तर सारं गाव फिरते."

"मले एकाच घरापुढं हे लावा लागते. वरवट बकालात, बहिनीच्या घरापुढं."

"तिथं एवढा जोर काऊन?"

"सासरचे तिले दारात येऊ देत नाहीत, अन् आमाले उंबऱ्याच्या आत. तिचं जातं पार मागच्या खोलीत. चिरका सूर पहिल्या भिंतीलेच अडकते."

"वाजवशीन काय?"

"माय दळताना म्हनायची, ते ओवी."

महादेवराव हसले. "वरातीत ओवी? नाचणारे मारतीन तुले!"

"पुरी नाही वाजवत," शालिग्राम माउथपीस पुसत म्हणाला. "अर्ध्यावरच तोडतो. माय गेली, हे तिले अजून कोनी सांगतलं नाही."