खोबरेल घातलेलं रीळ

"नाना, रीळ फिरत नाही हो," गोठलेल्या तळ्यावर, बर्फातल्या भोकात गळ सोडता सोडता जावई म्हणाला.

नाना ओशाळले. गळाची दोरी गुंडाळायचं हे स्वस्तातलं रीळ कुरकुरायचं, म्हणून काल त्यांनीच हौसेनं खोललं, पुसलं, नवं बेअरिंग बसवलं. जावयाची आवडती वस्तू आपण मोडली!

"तेल कुठलं घातलंत?" शेजारी बसलेल्या नानांच्या बायकोनं विचारलं.

"घरातलंच. खोबरेल."

"अहो, या थंडीत खोबरेल गोठणारच! धरा काखेत."

नानांनी रीळ कोटाच्या आत, काखेत धरलं. थोड्या वेळानं जावयानं दांडी फिरवली. रीळ सरसर फिरलं, कुरकुर म्हणून नाही.

"घरी खोबरेल पुसून मशीनचं तेल घालू," जावई म्हणाला. "बेअरिंग मात्र झकास बसवलंत. माझं दुसरं रीळही बघाल?"

नानांचा कोंडलेला श्वास वाफ होऊन बाहेर पडला.