प्रभाकरची गाडी

“हा क्रोशाचा रुमाल माधवीचाच,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तोरणही तिचंच. आणि ती मण्यांची बदकं आहेत ना, तीसुद्धा तिनंच केली हो.”

रुमाल शेजारच्या आक्कांचा होता. तोरण कोन गावच्या मावशीचं. बदकं सकाळीच समोरच्या बिऱ्हाडातून आली होती आणि पाहुणे गेले की परत जायची होती. आता यात सरोजिनीबाईंचं काय चुकलं? मुलगी दाखवायची तर शोकेस भरलेलं हवं, आणि ते भरायला सगळी चाळ हातभार लावते. पाहुण्यांच्या घरीही हेच चालतं, म्हणून कुणी खोलात शिरत नाही.

मुलाचे वडील, कल्याणचे अनंतराव, बदकांवरून पुढे सरकले आणि थांबले. वरच्या फळीवर लाल स्पोर्ट्सकार उभी होती. वीतभर लांब, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. त्यांनी हलकेच बॉनेट उचललं. आत इंजिन, आणि इंजिनाला दोऱ्याएवढ्या वायरीसुद्धा.

“अरे वा! विकतची का?”

“छे हो, सुट्या भागांचा डबा आणून घरीच जोडलीय,” तात्या बोलून गेले. तात्या म्हणजे माधवीचे चुलते. स्थळ त्यांनीच आणलं होतं.

“कुणी?”

पोह्यांचा ट्रे धरलेल्या माधवीनं आईकडे बघितलं. आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, गाडीचं नावही काढायचं नाही. मुलीनं मोटार केली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? ही पोळ्या लाटते की पंक्चर काढते?

डबा खरं तर मस्कतच्या मामानं पाठवला होता, तो प्रभाकरसाठी. प्रभाकर माधवीचा थोरला भाऊ, बँकेत कारकून. त्यानं झाकण उघडलं, प्लास्टिकचे चिमुकले तुकडे बघितले, “हे कोण करत बसणार!” म्हणाला आणि पत्ते खेळायला गेला. माधवी करत बसली. ब्लेडनं एकेक तुकडा सोडवायचा, पॉलिशपेपरनं कडा घासायच्या, सुईच्या टोकानं डिंक लावायचा. धामणकर नाक्यावरून तिनं लाल ऑइलपेंटची सगळ्यात छोटी डबी आणली. पण भिवंडीत रंग ओला ठेवायची सोय आहे का? खालच्या कापडाच्या कारखान्यातले लूम धडधडायला लागले की सुताची लव उडत वर यायची, रंगावर बसायची आणि स्पोर्ट्सकारला मिशा फुटायच्या. दोनदा तिनं सगळा रंग खरवडून काढला. मग ती शुक्रवारीच रंगवायला लागली, कारण शुक्रवारी लूम बंद.

बी.ए. तिनं वडिलांच्या इच्छेखातर केलं होतं, शिवणाचा क्लास आईच्या. गाडी तेवढी स्वतःच्या हौसेनं. ती हिची आहे, असं एकदा कुणीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

“आमच्या प्रभाकरनं!” सरोजिनीबाई म्हणाल्या.

फ्यूज गेला की बहिणीला हाक मारणाऱ्या प्रभाकरनं विनयानं मान खाली घातली. “असंच आपलं. वेळ जायला.”

वेळ जायला! माधवीचा तोल गेला.

“ती गाडी मी केलीय,” ती म्हणाली.

नवरामुलगा पोहे चघळायचा थांबला. सरोजिनीबाई मात्र लगेच हसल्या. “थट्टा करते हो भावाची. लाडाची आहे ना!”

अनंतराव हसले नाहीत.

त्याच आठवड्यात तात्या निरोप घेऊन आले. “मुलीला नकार आहे, वहिनी.”

“का? कुठं कमी पडलो आपण?”

“मुलगी गोड आहे म्हणाले. पण रुमाल, तोरण, बदकं, एवढं सगळं हातचं असताना भावाची एक गाडी तिला सोडवली नाही. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव सांगते म्हणाले. खोटेपणा त्यांच्या घरात चालत नाही.”

“ऐकलंस?” सरोजिनीबाई माधवीवर कडाडल्या. “पाहुण्यांसमोर खोटं बोलू नये, एवढंसुद्धा कळत नाही तुला?” गाडी प्रभाकरनंच केली, असं बाईंना एव्हाना खरंच वाटायला लागलं होतं. माधवीला संतापानं रडू फुटलं.

“पण वहिनी, साखर आणा आधी,” तात्या म्हणाले. “प्रभाकर पसंत आहे त्यांना, त्यांच्या विद्युल्लतेसाठी. अशी चिकाटी, असा स्थिर हात! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही म्हणाले.”

सरोजिनीबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी तात्यांच्या तळहातावर चिमूटभर नाही, चांगली मूठभर साखर ठेवली. प्रभाकर आरशासमोर जाऊन भांग पाडायला लागला.

“एक छोटीशी अपेक्षा आहे त्यांची,” म्हणत तात्यांनी पिशवीतून एक नवा कोरा डबा काढला. झाकणावर निळी गाडी होती. “मुंबईहून मुद्दाम मागवलाय. रविवारी विद्युल्लतेला घेऊन येतायत. मुलानं सगळ्यांसमोर बसून थोडी गाडी जोडून दाखवायची. आपण नाही का मुलीला गाणं म्हणायला लावत, तसंच.”

प्रभाकरचा कंगवा केसातच राहिला. तिघांनीही माधवीकडे बघितलं.

“माधू, बाळा,” सरोजिनीबाईंचा आवाज लोण्यासारखा झाला, “रविवारी तू जरा त्याच्या शेजारी बसशील ना गं?”

माधवीनं पदरानं डोळे पुसले.

“अगं बाई, रविवारी?” ती म्हणाली. “रविवारी मी नेमकी वज्रेश्वरीला चाललेय.”