पाहुणं घाबरलं

"कबुतरांना भिऊन जाळी लावलीत होय, पाहुणं?" तात्यासाहेबांनी सोफ्यावरूनच विचारलं. बोटातली चौकोनी चांदीची अंगठी सैल होऊन तळहाताकडे फिरली होती. ती त्यांनी कपावर टकटक वाजवली.

ही टकटक तेजश्री लहानपणापासून ओळखत होती. तिचे सुभेदार वडील माणूस नापसंत असला की तोंडाने काही बोलत नसत. अंगठी बोलायची.

"हो मामा, फार घाण करायची. मीच बांधली," तिचा नवरा सुयश म्हणाला. चहासाठी त्याने बाल्कनीत खुर्च्या मांडल्या होत्या, पण अठराव्या मजल्यावरची ती हवेशीर बाल्कनी तात्यांना नको होती. धूळ फार म्हणे तुमच्या गुडगावात.

तात्यांना जावई फौजीच हवा होता. तेजश्रीने कॉम्प्युटरवाला पुणेकर आणला, तेव्हा ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले. त्यानंतर लेकीच्या घरी आजच पाऊल टाकलं होतं, तेही थोरला उदयसिंह दिल्ली कॅन्टोन्मेंटला बदलून आला म्हणून. तात्यांनी एकदा सुयशला आपला म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि सुयशला काय सुचावं? मॉल नाही, इंडिया गेट नाही, तर अरवलीतलं जंगल! विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, उपटून तिथे धौ, खैर, पळस अशी मूळची झाडं वाढवली होती. पक्षी बघायच्या पायवाटा होत्या आणि झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा एक झुलता पूल.

"वर चढून चिमण्या मोजायच्या का दाजी?" उदयसिंह गाडीतच हसला.

पुलाच्या पायथ्याशी तात्यांनी मान वर करून पाहिलं. "गुडघा जरा धरलाय. तुम्ही या जाऊन."

"काय तात्या! रात्रीच्या अंधारात बर्फाचा कडा चढलेला माणूस तुम्ही. तुम्हाला हा पूल म्हणजे घरचा उंबरठा," उदयसिंह म्हणाला. कड्याची ती गोष्ट गावात प्रत्येक लग्नात सांगितली जायची. तात्या पायऱ्या चढू लागले.

पूल बराच हलत होता. उदयसिंह, तेजश्री आणि सुयश पुढे गेले. सुयशने दुर्बीण लावली आणि तो पोरासारखा हरखला.

"हरियल! आपल्या महाराष्ट्राचा पक्षी, इथे अरवलीत! थांब, मामांना दाखवतो," म्हणत तो फळ्या खडखडवत झपाझप मागे गेला.

तात्या पुलाच्या मध्यावर उभे होते. दोन्ही हातांनी दोर धरून, छाती काढून, नजर समोर. आवडलं वाटतं त्यांना, तेजश्रीच्या मनात आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सुयशचा आवाज आला.

"मामा, मला नाही जमत हे! डोकं गरगरतंय माझं. हात धरा, मला खाली न्या!"

तो फळीवर चक्क बसला होता. मागून कॉलेजची पोरं येत होती. "क्या हुआ अंकल, डर गए?"

"हाँ भाई, बहुत डर लग रहा है. थोडा पीछे हटो, प्लीज," सुयश साऱ्या पुलाला ऐकू जाईल असं म्हणाला.

पोरं खिदळत मागे सरली. उदयसिंहाने मोबाइल काढला. हात धरून दोघं एकेक फळी मागे जाऊ लागले. सुयश सारखं काहीतरी पुटपुटत होता. रामरक्षा म्हणत असणार, दुसरं काय! तेजश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाली पोचली तेव्हा तात्यांचा चेहरा लालबुंद होता. फेब्रुवारीच्या गारव्यातही कपाळावर घाम. संताप तिला ओळखू येत होता.

"गावाकडच्या ग्रुपवर टाकतो," उदयसिंह व्हिडिओ दाखवत म्हणाला. "वर लिहितो, पाहुणं घाबरलं!"

"बंद कर ते," तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि एकटेच गाडीत जाऊन बसले. या वेळी अंगठीसुद्धा वाजली नाही. म्हणजे सगळंच संपलं.

चहाच्या टपरीवर तिने सुयशला गाठलं. "एकच दिवस होता माझा. तोही तुला निभावता आला नाही?"

"उंची बाधली गं," तो म्हणाला. स्वेटरची उजवी बाही खाली ओढून त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला.

"चार पोरांसमोर ओरडलास! निदान गप्प उतरायचंस. तात्यांना काय वाटलं असेल? माझ्या बापाला तुझा हात धरून आणावं लागलं खाली. लाज वाटते मला तुझी. खरंच लाज वाटते."

सुयशने चहा संपवला. "हरियल छान दिसला पण," एवढंच बोलला. तिला तर त्याचं तोंडही पाहवेना.

संध्याकाळी तात्या उदयसिंहाच्या क्वार्टरवर जायला निघाले. तेजश्री लिफ्टपर्यंत गेली. माफी मागावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले, तिच्याकडे न बघता.

"तेजू, सुयशरावांच्या मनगटाला हळद-तेल लाव. कोमट करून."

दार बंद झालं. सुयशराव? तात्यांच्या तोंडून हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. ती गोंधळून घरात आली.

बाल्कनीच्या जाळीची एक गाठ सुटली होती. अठराव्या मजल्यावर, स्टुलावर उभा राहून, अर्धा कठड्याबाहेर झुकून सुयश शीळ घालत ती बांधत होता. वर केलेल्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत घसरली होती. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ उठले होते आणि त्यात रुतलेला एक चौकोनी ठसा.