समुद्राकडची खोली

हंगाम सरला होता. मुलगी दूर सासरी, त्यामुळे पत्नीच्या पश्चात लॉजवर मी एकटाच उरलो होतो. अशात एक तरुण सामानाविना आला व समुद्राकडची खोली मागू लागला.

एकट्या माणसास खोली न देणे हा आमच्या धंद्याचा दंडक. परंतु परत धाडले तर हा थेट पाण्यात शिरेल, अशी धास्ती वाटली. खोली दिली, गच्चीला कुलूप घातले आणि दिवसभर किनाऱ्यावर सावलीसारखा त्याच्या मागे राहिलो.

“काका, तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?”

“ऑफ सीझनला कसली आलीत कामं?”

सकाळी व्हरांड्यातून त्याचे फोनवरचे बोलणे कानी पडले.



“ताई, निश्चिंत राहा. तुझ्या बाबांना मी एकटं समुद्रावर जाऊ दिलं नाही.”