निरोप्या

थोरला लढाईत मारला गेला, त्या दिवसापासून घड्याळजीच्या बायकोने नवऱ्याशी अबोला धरला. पोराच्या भरतीच्या कागदावर सही त्याचीच होती ना. मग घरातले सगळे निरोप धाकट्यामार्फत जायला लागले. “त्या सही करणाऱ्याला विचार, चहा हवाय का,” ती म्हणायची. हातभर अंतरावर बसलेला घड्याळजी भिंगातून डोळा न काढता सांगायचा, “तिला म्हणावं, अर्धा कप.”

पुढे धाकट्यालाही बोलावणं आलं आणि वर्षभर घरात फक्त घड्याळं बोलत राहिली.

गेल्या आठवड्यात तो परतला. हातपाय शाबूत होते, पण स्फोटात दोन्ही कान गेले, असं त्याने दारातच सांगून टाकलं. दोन दिवस आईबाप आळीपाळीने त्याच्या कानाशी ओरडून आपापले निरोप देत राहिले. तो नुसता गोड हसायचा.

तिसऱ्या दिवशी आईने हात टेकले आणि ती नवऱ्याकडे वळली. “अहो, याला खरंच काही ऐकू येत नाही हो.”

“डॉक्टरला दाखवू या.”

“कुठल्या? तुमच्या त्या दातवाल्या मित्राला?”

झालं. भांडण डॉक्टरवरून सहीवर आलं, सहीवरून थोरल्यावर आलं, आणि मग दोघं पहिल्यांदाच एकमेकांना धरून रडले.




आत कुकरची तिसरी शिट्टी झाली, तसा बहिरा हळूच उठला आणि गॅस बंद करून आला.