घराची खुर्ची

घरविक्री मंडळाच्या बैठकीत मतं समसमान पडली आणि सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या छोट्या स्पीकरकडे वळल्या. नव्या नियमाने बैठका खुल्या झाल्या होत्या आणि मंडळात बोलणाऱ्या स्मार्ट घरांनाही एक खुर्ची मिळाली होती; घर या स्पीकरमधून बोले. त्या खुर्चीसाठी या वेळी चिठ्ठीत नाव निघालं ते दलाल आणि मंडळाचे अध्यक्ष दिगंबर पेठे यांच्याच फ्लॅटचं.

ठराव साधा होता. विक्रीआधी घराची स्मृती, म्हणजे त्याने पाहिलेलं-ऐकलेलं सगळं, पुसण्याचा हक्क दलालांकडेच राहावा का?

पेठ्यांनी 'राहावा' म्हणून हात वर केला होता. आपल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यातल्या खांबाला गेलेला तडा त्यांनी लाकडी पॅनेलआड दडवला होता. धंद्याची रीतच ती. स्मृती पुसायची अजून बाकी होती, म्हणून "गप्प राहायचं," असं घराला बजावलंही होतं. आज संध्याकाळी सौदा होता आणि घर घेणारी योगिनी तान्ह्या बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसली होती.

"बोल बाबा," खजिनदार कुसुमताई हसल्या. "मालकाचा तू, मत कुठं जाणार ते दिसतंच आहे!"

"साहेब, तुम्ही गप्प राहा म्हणालात, म्हणून काही सांगत नाही," घर म्हणालं. "फक्त ताईंना एक विचारतो. बाळाचा पाळणा कुठं ठेवणार?"

"दिवाणखान्यात," योगिनी कौतुकाने म्हणाली. "त्या लाकडी खांबाला टेकून."

 

पेठे खुर्चीला धरून उभे राहिले.

"माझं मत विरोधात मोजा," ते म्हणाले आणि योगिनीकडे वळले. "पोरी, पाळणा तिथं नको. तो खांब लाकडी नाही. आत तडा आहे."