घरातलं एकच मत

आमच्या घरात माणसं पाच, पण मत एकच. मी, बायको आणि थोरले दोघे मुलगे नदीपलीकडे मेक्सिकोत जन्मलो. धाकटी यारेत्सी तेवढी इकडे, टेक्सासात. त्यामुळे निवडणूक आली की फोन तिच्याच नावाने वाजतो.

कालही वाजला. बायकोने, ओफेलियाने, उचलून स्पीकरवर टाकला. प्रचारवाला पोरगा आपल्यातलाच, एफ्राईन नावाचा, भलता तोंडाळ.

"मावशी, या राज्यात आपली माणसं ढीगभर, पण मत देता येणारी चिमूटभर! यारेत्सीताई आहे का घरात?"

"संध्याकाळी येईल," ओफेलिया म्हणाली. "तिच्या आवडीचे तमाले शिजतायत."

"मग मंगळवारी तिला मतदानाला धाडा बरं. पाचही जणांच्या वतीनं!"

"मंगळवारपर्यंत नाही रे थांबायची ती. उद्या लगेच परत."

"अशी कशी हो लेक? घरच्यांसाठी चार दिवस काढता येत नाहीत? दुसरीकडे राहायला गेली असेल तर तिचं नाव काढून टाकू का इथनं?"

"नको!" ओफेलिया एकदम ओरडली. मग हळूच म्हणाली, "राहू दे, बाळा. आमच्यातलं तेवढं एकच नाव सरकार मोजतं."

फोन ठेवून तिने उंबऱ्यापासून आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरायला घेतल्या, लेकीची वाट चुकू नये म्हणून.



आमच्याकडे मेलेली माणसं वर्षातून या एकाच रात्री घरी जेवायला येतात.